वंदना कटारियाला चार ओळींत निरोप देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वंदना कटारियानं १ एप्रिल २०२५ ला आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या पेपरात ती बातमी क्रीडा पानावर एकदम खाली, चार-पाच ओळी, फोटोसुद्धा नाही. आयपीएल चालू आहे, आदल्याच दिवशी वानखेडेवर मुंबई जिंकलेली, जागा कमी पडते हे सगळं मला कळतं. पण ३२० आंतरराष्ट्रीय सामने खेळलेली बाई आहे ही, आपल्या देशात आजवर कुठलीच महिला हॉकीपटू इतके सामने खेळलेली नाहीये, १५८ गोल आहेत तिचे, २००९ पासून सिनियर टीममध्ये आहे, म्हणजे आज कॉलेजात जाणाऱ्या मुली बालवाडीत होत्या तेव्हापासून. तिला आपण असं उरकून टाकलेलं मला पटलं नाही म्हणून लिहितेय. पत्र मोठं होईल. कापायचं झालंच तर माझ्याबद्दलचं कापा, वंदनाबद्दलचं राहू द्या.

मी कोपरखैरण्याला राहते, माहेर ठाण्याचं, कोपरीतलं. नव्वदच्या दशकात कॉलेजच्या टीममधून राइट इन, म्हणजे पुढच्या फळीत उजवीकडे, खेळायचे. मॅच असली की ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून चर्चगेट, खांद्याला स्टिक, लेडीज डब्यात कुणी ना कुणी विचारायचंच की हे काय घेऊन चाललीस आणि मी हॉकी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मुली खेळतात? पुढं नोकरी, लग्न, मुलं, खेळ सुटला. बघणं मात्र सुटलं नाही. त्यामुळे फॉरवर्डला काय काय करावं लागतं याची मला थोडी जाण आहे आणि त्या जाणिवेनंच सांगते, वंदनासारखी फॉरवर्ड आपल्याकडे फार कमी वेळा झाली आणि तिचं मोल आपण केलं नाही.

आता तुम्ही म्हणाल अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२२ ला पद्मश्री मिळाली, मग अजून काय पाहिजे. बरोबर आहे, सरकारनं मान दिला. मी म्हणतेय ते आपल्या लोकांबद्दल. तुमच्या ऑफिसात विचारा, लोकलमध्ये विचारा, टोकियोची कॅप्टन राणी रामपालचं नाव निघेल, गोलकीपर सविता पुनियाचं निघेल, ड्रॅगफ्लिकवाली, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला स्टिकनं बॉल ओढून फेकणारी, म्हणून गुरजीत कौर आठवेल. त्या तिघी मोठ्याच आहेत, त्यांचं कुणी काही कमी करत नाहीये, राणीनं तर या टीमला उभं केलं. पण वंदना म्हटलं की लोक म्हणतात हां ती टोकियो ऑलिंपिकवाली, तीन गोल मारलेली, आणि तिथंच थांबतात. नाहीतर तिच्या घरासमोर झालेला तो घाणेरडा प्रकार आठवतात. सोळा वर्षांत तिनं मैदानावर नक्की काय केलं हे कुणी सांगत नाही.

ते का दिसत नाही हे पण सांगते. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागं फिरतो आणि वंदनाचं निम्मं काम बॉल जवळ नसताना चाललेलं असायचं. पुढच्या मॅचला एकदा फक्त फॉरवर्डकडे बघत बसा, बॉल सोडून द्या. समोरच्या टीमची डिफेंडर बॉल घेऊन वर यायला लागली की तिच्या अंगावर पहिली धावून जाणारी वंदना, तिला डाव्या बाजूला ढकलायचं, पासची लाइन बंद करायची, म्हणजे मागं आपल्या हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, तो बॉल आयता मिळतो. बॉल मिळवला म्हणून हाफचं नाव येतं, धावली म्हणून वंदनाचं येत नाही. मग लगेच वळून परत डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, पळायचं कारण आता आपला हल्ला सुरू झाला. एका क्वार्टरमध्ये हे कितीदा होतं मोजून बघा, दम लागेल नुसता बघताना. आता रोलिंग सब असतात, दर थोड्या मिनिटांनी बाहेर बसायला मिळतं हे खरं, पण परत आत गेल्यावर पहिल्या सेकंदापासून त्याच स्पीडनं पळावं लागतं आणि ती पळायची, तिशी ओलांडल्यावरही पळायची.

आणि तिचे गोल. लांबून जोरात मारलेला गोल सगळ्यांना आवडतो, मला पण आवडतो. वंदनाचे गोल तसे नसायचे. गोलपोस्टपासून दोन-चार फुटांवर, गोलकीपर पुढ्यात, पाठीवर डिफेंडर, कोपरं ढोपरं लागतायत, आणि कुणीतरी पूर्ण ताकदीनं डीमध्ये बॉल फेकलाय. दीडशे ग्रॅमच्या वर वजनाचा कडक बॉल, तो कुठून उसळेल सांगता येत नाही, तिथं स्टिक अशी धरायची की बॉल फक्त घासून जाईल आणि दिशा बदलेल. जरा जास्त लागला तर बाहेर, जरा कमी लागला तर गोलकीपरच्या पॅडवर. कॉमेंट्रीवाले त्याला टॅप इन म्हणून मोकळे होतात, लोकांना वाटतं काय विशेष, समोरच तर उभी होती. अहो पण समोर उभी होती हेच तर विशेष आहे! बाकीच्या कुठं होत्या? बॉल तिथं येणार हे तिला दोन सेकंद आधी कळायचं आणि ती त्या जागेवर जाऊन थांबलेली असायची. आमचे कोच आम्हाला ओरडून ओरडून हे शिकवायचे, लांबच्या पोस्टला जा, लांबच्या पोस्टला जा, आणि आम्ही बॉलच्या मोहानं मधेच थांबायचो. हे शिकवून येतं पण पूर्ण नाही येत, काहीतरी आतूनच असावं लागतं.

टोकियोतली ३१ जुलै २०२१ ची साउथ आफ्रिकेबरोबरची मॅच आठवून बघा. पहिल्या तीन मॅच आपण हरलेलो, नेदरलँड्सकडून ५-१, जर्मनीकडून २-०, ग्रेट ब्रिटनकडून ४-१. मग आयर्लंडला १-० नं हरवून जेमतेम जीव धरलेला. शनिवारची सकाळ होती, लोकल अजून सगळ्यांसाठी सुरू झाल्या नव्हत्या, घरातले सगळे घरातच, आणि चौथ्याच मिनिटाला नवनीत कौरनं उजवीकडून बॉल आत घातला आणि वंदना गोलसमोर हजर. मग त्यांनी बरोबरी केली, मग सतराव्या मिनिटाला परत वंदना, परत बरोबरी, नेहा गोयलनं पुढं नेलं, परत त्यांनी बरोबरी केली, ३-३. माझे हात गार पडलेले. आणि एकोणपन्नासाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर (डीतल्या फाउलबद्दल मिळते ती गोलची संधी) वंदनानं स्टिक लावली, ४-३. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला. तिन्ही गोल अगदी पोस्टजवळून. एवढं करूनही आपण आत आहोत की बाहेर ते ठरायचं बाकीच होतं, संध्याकाळी ग्रेट ब्रिटननं आयर्लंडला २-० नं हरवलं तेव्हा कुठं क्वार्टर फायनल पक्की झाली. मग ऑस्ट्रेलियाला १-० नं हरवलं ते सगळ्या देशाला माहितीये, गुरजीतचा गोल, सविताचे सेव्ह, तो दिवस विसरता येणारच नाही. पण ऑस्ट्रेलियासमोर उभं राहायची संधी त्या शनिवारच्या तीन गोलांनी दिली होती.

यातली अजून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. त्या ऑलिंपिकच्या दोनच महिने आधी, मे मध्ये, तिचे वडील वारले. ती बेंगळुरूला कॅम्पमध्ये होती, कोरोनाचा काळ, बायोबबल, ती अंत्यदर्शनाला जाऊ शकली नाही. हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावातला माणूस, भेल (BHEL) कंपनीत नोकरी, आजूबाजूचे लोक मुलीला खेळायला कशाला पाठवता म्हणत असताना त्यांनी पाठवलं, लहानपणी हिच्या हातात धड स्टिक नव्हती तर ही झाडाच्या फांदीनं प्रॅक्टिस करायची असं तिच्याबद्दल छापून आलंय. पुढं लखनौच्या होस्टेलला गेली ती पण त्यांच्याच पाठिंब्यावर. तो बाप गेला आणि ही कॅम्पमध्येच राहिली आणि दोन महिन्यांनी तीन गोल मारले. मी पण लेक आहे कुणाची तरी, हे लिहिताना माझा घसा दाटून येतो.

आणि मग ४ ऑगस्ट. सेमीफायनल आपण अर्जेंटिनाकडून २-१ नं हरलो आणि तिकडे रोशनाबादला काही माणसांनी तिच्या घरासमोर फटाके फोडले, नाचले, तिच्या घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्या, म्हणे टीममध्ये दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो. पोलीस केस झाली, अटक झाली. त्यावर त्या वेळी पुष्कळ लिहून आलं, ते यायलाच पाहिजे होतं. पण मला राहून राहून वाटतं की त्याच्या दोन दिवसांनंतरचं कुणी नीट लिहिलं नाही. ६ ऑगस्टला ब्राँझची मॅच होती, ग्रेट ब्रिटनबरोबर. घरी हे असं चाललंय हे माहीत असताना ही मुलगी मैदानात उतरली. आपण २-० नं मागं होतो, गुरजीतनं लागोपाठ दोन मारले आणि हाफ टाइमच्या तोंडावर वंदनानं तिसरा मारून भारताला ३-२ नं पुढं नेलं. ऑलिंपिकच्या ब्राँझ मॅचमध्ये भारत पुढं! शेवटी ४-३ नं हरलो, मेडल गेलं, सगळ्या मुली मैदानात बसून रडत होत्या. पण ज्यांनी तिच्या दारात फटाके फोडले त्यांना उत्तर द्यायला तिला वेगळं काही बोलावं लागलं नाही, तो गोल पुरेसा होता. आपल्या महाराष्ट्रात फुले-आंबेडकरांचं नाव आपण रोज घेतो, मग अशा मुलीची निवृत्ती आपल्याला पहिल्या पानावर घ्यावीशी का वाटू नये? मी अगदी मनापासून विचारतेय.

टोकियोच्या आधीचं आणि नंतरचं तर लोकांना माहीतच नाही. २०१३ ला जर्मनीत ज्युनियर वर्ल्ड कपला आपल्या मुलींनी ब्राँझ आणलं, इंग्लंडला शूटआउटमध्ये हरवून, त्या टीमची टॉप स्कोअरर वंदना, पाच गोल. नंतर वर्ल्ड लीगच्या दुसऱ्या राउंडला अकरा गोल. २०१४ च्या एशियन गेम्सला ब्राँझ, २०१८ ला सिल्व्हर, २०२३ ला हांगझोला परत ब्राँझ. २०१६ ला रिओ, ३६ वर्षांनी महिला टीम ऑलिंपिकला गेली होती, शेवटच्या नंबरवर आली, त्या वेळी काय काय बोलले लोक. त्याच वर्षी एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली तेव्हा कॅप्टन कोण होती? वंदना. हे मी आमच्या ग्रुपवर विचारलं तर एकीलाही सांगता आलं नाही आणि आमचा ग्रुप हॉकीवाल्या बायकांचा आहे. २०२२ च्या वर्ल्ड कपला इंग्लंड आणि चीन दोघांशी १-१ बरोबरी झाली, दोन्ही मॅचमध्ये आपला गोल तिचाच.

२०२३ ला रांचीला ती ३०० वा सामना खेळली, असं करणारी पहिली भारतीय महिला. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच प्रॅक्टिस करताना तिच्या गालाच्या हाडाला मार बसला. जानेवारी २०२४ ला रांचीलाच पॅरिस ऑलिंपिकची क्वालिफायर होती आणि ती बाहेर. आपण सेमीफायनल जर्मनीकडून शूटआउटमध्ये हरलो आणि मग जपानबरोबर १-० नं हरून पॅरिस घालवलं. ती जपानची मॅच मी पूर्ण बघितली. पेनल्टी कॉर्नरवर पेनल्टी कॉर्नर मिळत होते, बॉल गोलसमोरून जात होता आणि तिथं स्टिक लावायला कुणी नव्हतं. ती असती तर जिंकलोच असतो असं छातीठोकपणे कोण सांगणार, पण भाजीत मीठ नसलं की खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळतं तसं मला त्या दिवशी कळलं की काय कमी आहे. त्यावरही कुणी फार बोललं नाही. कॅप्टनवर बोलले, कोचवर बोलले, वंदना नाहीये यावर दोन वाक्यं.

आता आपल्या वाचकांना ही हरिद्वारची मुलगी लांबची वाटत असेल तर जवळचं सांगते. १९८२ च्या दिल्ली एशियन गेम्सला महिला हॉकीत भारताला गोल्ड मिळालं त्या टीमची कॅप्टन एलिझा नेल्सन, आपल्या पुण्याची. आणि आज भारताच्या कॅम्पमध्ये वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली आहेत, तिघी सातारा जिल्ह्यातल्या, शेतकऱ्यांच्या भागातल्या. सातारची मुलगी भारताचा निळा शर्ट घालून खेळते ही केवढी मोठी गोष्ट आहे. या मुली सिनियर कॅम्पला गेल्या तेव्हा तिथं वंदना होती. नवीन पोरीला असं कुणी समोर पळताना दिसणं म्हणजे काय असतं ते खेळलेल्यालाच कळेल. आमच्या वेळी आम्हाला बघायला असं कुणी नव्हतंच, टीव्हीवर महिला हॉकी लागायचीच नाही, आम्ही पुरुषांच्या मॅच बघून शिकायचो. माझ्या ओळखीची एक मुलगी घणसोलीहून सकाळी गाडी पकडून प्रॅक्टिसला चर्चगेटला जाते, ट्रान्स हार्बरनं ठाणे, मग दादर, मग वेस्टर्न, आम्ही जायचो तसंच, तेवढाच त्रास. तिच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं वंदनाचा फोटो लावलाय, पेपरातून कापलेला, टोकियोच्या वेळचा. टोकियोच्या वेळी पेपरनं फोटो मोठा छापला म्हणून तो तिच्या कपाटावर आला. यावेळी छापलाच नाही तर ती काय कापणार?

म्हणून संपादक साहेब, विनंती आहे. उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही, रविवारच्या पुरवणीत वंदना कटारियावर एक पूर्ण लेख द्या. तिचा खेळ कसा होता ते एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्या, मुंबईत हॉकीवर लिहू शकणारे लोक आहेत, जुने खेळाडू आहेत, शोधलं तर मिळतील. घरासमोरच्या प्रकारावर अर्धा लेख आणि खेळावर दोन परिच्छेद असं करू नका, उलटं करा. आणि फोटो छापा, गोल मारतानाचा, स्टिक हातात असलेला, पुरस्कार घेतानाचा नको.

वंदना, तुला मराठी वाचता येत असेल की नाही माहीत नाही, कुणीतरी वाचून दाखवेल कदाचित. मी थकले म्हणून थांबत नाहीये, चांगली खेळतेय तोवरच निरोप घेतेय अशा अर्थाचं तू सांगितलंस ते वाचलं आणि बरं वाटलं, कारण गेल्या फेब्रुवारीपर्यंत भुवनेश्वरला प्रो लीगमध्ये तुला आम्ही बघत होतो. बत्तिसाव्या वर्षी थांबतेयस, हॉकीतल्या फॉरवर्डच्या पायांनी सोळा वर्षं एवढं पळाल्यावर थांबायचा हक्क आहे तुला. लांबच्या पोस्टला थांबायला शिकवलंस त्याबद्दल, त्या शनिवारच्या सकाळबद्दल आणि त्या ६ ऑगस्टच्या गोलबद्दल ठाणे-नवी मुंबईतल्या आम्हा सगळ्या हॉकीवाल्या बायकांकडून तुझे खूप खूप आभार. मेडल आलं नाही याचं तू मनाला लावून घेऊ नकोस, आम्ही कुणी लावून घेतलेलं नाही.

हॉकी इंडिया लीग खेळत राहणार असं वंदनानं सांगितलंय. जानेवारीत रांचीला मुलींची पहिली लीग झाली, ओडिशा वॉरियर्स जिंकली, पण मॅच किती वाजता आणि कुठल्या चॅनलवर हे शोधण्यातच माझे पहिले दोन दिवस गेले कारण पेपरात कुठं छापलेलंच नव्हतं. पुढच्या सीझनचं वेळापत्रक आलं की क्रिकेटच्या वेळा छापता त्याच चौकटीत त्याही छापत जा. आमच्या सोसायटीतल्या पाच-सहा जणी आणि ती घणसोलीची पोरगी, आम्ही आमच्याच हॉलमध्ये बसून बघणार आहोत.

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई